गच्चीवरच्या हद्दी

घर भाड्यानं देण्यापूर्वी घरमालक काय काय विचारतात, याची आम्ही दोघांनी तयारी करून ठेवली होती. नोकरी कुठे, माणसं किती, गावाकडून कोण कोण येणार. या गृहस्थांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं आणि विचारलं, "उन्हाळ्यात वाळवण काय काय घालता?"

मी नुकतीच लग्न होऊन नाशिकहून पनवेलला आले होते. वाळवण माझी आई घालायची आणि मी ते तळून खायचे, एवढाच माझा अनुभव. पण घर आवडलं होतं. म्हणून म्हणाले, "कुरडया, पापड, सांडगे, सगळंच घालतो."

"चौरस फूट किती लागतील?"

माझ्या नवऱ्याला वाटलं, खोल्यांबद्दल बोलणं चाललंय. तो म्हणाला, "चारशे पुरतील."

"चारशे फुटांच्या कुरडया?" गृहस्थ खुर्चीतून उठलेच. आत वळून म्हणाले, "अगं, चहा टाक. कष्टाळू माणसं आहेत."

अशी आम्हाला विचुंब्याच्या रस्त्यावरच्या त्या दुमजली घरातली वरची जागा मिळाली. खाली मालक आणि काकू, त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत रेहानाभाभी. भाभींचं माहेर उरणचं आणि नवरा कुवेतला. मालकांनी जन्मभर सरकारी मोजणी खात्यात नोकरी केली होती. साखळी आणि टेप घेऊन सगळा जिल्हा पायाखाली घातला होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण मोजणं थांबलं नव्हतं. गल्लीत त्यांना सगळे मोजणीकाका म्हणत.

काकांचं पाऊल बरोबर तीस इंचांचं पडे. घाईत असोत, चिखल असो, तीस म्हणजे तीस. घरापासून दुधाच्या केंद्रापर्यंत चारशे बारा पावलं, वाण्यापर्यंत दोनशे सत्तर. चालताना ते मनात मोजत, त्यामुळे रस्त्यात त्यांना हाक मारायची सोय नव्हती. कुणी नमस्कार केलाच तर बोटं वर करत. तीन बोटं म्हणजे तीनशे झाली आहेत, थांबा. एकदा हायवेजवळ त्यांनी अशी तीन बोटं वर केली तर एक रिक्षा येऊन थांबली. रिक्षावाला म्हणाला, "बसा, बाकीचे दोघं कुठायत?" काकांनी मान हलवली आणि चालत राहिले. रिक्षावाला हळूहळू त्यांच्या बाजूनं रिक्षा चालवत विचारत राहिला. शेवटी काकांना आकडा विसरायला झाला. ते परत घरी आले आणि पहिल्यापासून निघाले.

मे महिन्यात माझ्या सासूबाई राहायला आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कुठे जायलाच तयार नसत. काकांनी त्यांना अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या, उकिडवं बसून त्यांची पावलं पाहिली आणि सांगितलं, "तुमचं पाऊल एकवीस इंचांचं आहे." दुसऱ्या दिवशी एक चिठ्ठी आणून दिली. बागेतल्या पहिल्या बाकापर्यंत किती पावलं, तिथून गुलमोहराच्या पारापर्यंत किती, परतताना टपरीशेजारी बसायला दगड आहे तिथपर्यंत किती, सगळं एकवीस इंचांच्या हिशेबात. सासूबाई ती चिठ्ठी कमरेला खोचून रोज संध्याकाळी बाहेर पडू लागल्या. गावी परतताना म्हणाल्या, "माझ्या पोटच्या मुलांनी कधी माझी पावलं बघितली नाहीत." माझा नवरा त्यांची पिशवी उचलून आधीच खाली उतरला.

पण काकांचं खरं राज्य गच्चीवर होतं. मार्च लागला की ते गच्चीचा नकाशा काढत. मोठ्या कागदावर शाईनं, उत्तर दिशेचा बाण, खाली प्रमाण, कोपऱ्यात सही. प्रत्येक बिऱ्हाडाचा तुकडा वेगळ्या रंगात. तो नकाशा जिन्याच्या भिंतीवर लागे आणि त्याप्रमाणे गच्चीवर खडूनं रेघा आखल्या जात, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या जात. आपल्या हद्दीत आपलं वाळवण. मला पश्चिमेचा तुकडा मिळाला होता, काकूंना मधला आणि मोठा, आणि रेहानाभाभींना वाऱ्याच्या खालच्या अंगाचा कोपरा. कारण भाभी बोंबील वाळवत. तो कोपरा ठरवण्यासाठी काका तीन दिवस हातात रुमाल धरून गच्चीवर उभे होते. बोंबलांचा वास ना माझ्या पापडांवर जायला हवा होता, ना काकूंच्या कुरडयांवर, आणि भाभींना बोंबील घालायला मिळायलाच हवे होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती जागा शोधून काढली. आणि खरंच, त्या तीन उन्हाळ्यांत माझ्या एकाही पापडाला बोंबलाचा वास लागला नाही.

रविवारी सकाळी सात वाजता गच्चीवर हरकती ऐकल्या जात. चहा काकूंचा, बिस्किटं ज्याची हरकत असेल त्याची.

"काका," भाभी एका रविवारी म्हणाल्या, "चारनंतर टाकीची सावली माझ्या बोंबलांवर पडते. इन्साफ करा."

काकांनी वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी दहा वाजता ते छत्री, वही आणि पाण्याची बाटली घेऊन गच्चीवर जाऊन बसले आणि दर अर्ध्या तासाला सावलीच्या कडेनं खडूची खूण करत राहिले. दुपारी काकूंनी जिन्यातून तीनदा हाका मारल्या. चौथ्यांदा त्या स्वतः वर गेल्या, काकांच्या डोक्यावर ओला टॉवेल घातला, हातात पन्ह्याचा पेला दिला आणि खाली आल्या. पाच वाजता निकाल लागला. भाभींना दोन फूट वाढवून मिळाले. ते दोन फूट माझे होते.

मी म्हणाले, "काका, माझी हरकत आहे."

"पुढच्या रविवारी," काका म्हणाले. चेहरा उन्हानं तांबडालाल झाला होता. "आणि बिस्किटं क्रीमची आणू नका, वितळतात."

टाकी धुण्याचा रविवार तर अख्ख्या गल्लीचा करमणुकीचा दिवस होता. काका माणूस लावत नसत. लांब चड्डी आणि बनियन घालून स्वतः सिमेंटच्या टाकीत उतरत आणि आतून हुकूम सोडत. आतला आवाज घुमून बाहेर येई, तो काही केल्या समजत नसे. वरच्या भोकाशी मी, खाली नळाशी भाभी, जिन्यात बादल्या घेऊन माझा नवरा. एका रविवारी आतून आवाज आला, "ओ ओ ओडा."

"काय म्हणाले?" भाभींनी खालून विचारलं.

"सोडा म्हणाले वाटतं," मी म्हणाले.

भाभींनी मोटार सुरू केली. काकांनी "बादली ओढा" म्हटलं होतं. पाइपातून पाण्याची धार थेट त्यांच्या डोक्यावर बसली आणि आतून जे शब्द आले तेही घुमूनच आले, हे बरंच झालं. मी मोटार बंद करायला ओरडले, तर भाभींना वाटलं, अजून हवंय. माझ्या नवऱ्यानं दोन्ही बादल्या जिन्यात सोडून धाव घेतली, त्या गडगडत खाली गेल्या. काकू घाबरून बाहेर आल्या आणि बघतात तर शिडीवरून निथळत काका वर येताहेत, चष्म्याची एक काडी कानावर, एक नाकावर. भोकातून डोकं बाहेर काढून ते अगदी शांतपणे मला म्हणाले, "टाकी स्वच्छ झाली." मी हसत सुटले. भाभी हसत सुटल्या. काकू पदरात तोंड घालून पायरीवर बसल्या. काका एकटे हसले नाहीत. त्यांना मी त्या दोन वर्षांत हसताना पाहिलंच नव्हतं.

ते का, हे मला भारनियमनाच्या एका दुपारी कळलं. दिवे गेले की आम्ही सगळ्या जिन्यात बसत असू, तिथे वारा येई. काकू गहू निवडत होत्या. मी सहज विचारलं, "काकू, तुमच्याकडे सुट्टीत कुणी पाहुणे येत नाहीत?"

काकूंनी बोलता बोलता सगळं सांगितलं. काकांचं गाव पेणच्या पुढे. थोरले भाऊ गावी शेती बघत. त्यांचा आणि शेजारच्या शेतकऱ्याचा बांधावरून वाद होता. बांधाजवळ तीन आंब्याची झाडं होती, काकांच्या वडिलांनी हातानं लावलेली. भाऊ म्हणाले, माझा भाऊ मोजणीतला आहे, तो सांगेल ते दोघांनी मानायचं. शेजाऱ्यानं नाइलाजानं मान्य केलं. काका सुट्टी काढून गेले, चार माणसांसमोर टेप लावला. झाडं शेजाऱ्याच्या हद्दीत निघाली.

"मग?"

"मग काय. सांगून टाकलं यांनी, सगळ्यांच्या देखत. दादा म्हणाले, पुन्हा मोज. यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच." काकूंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "आधी दर मे महिन्याला दादा, जाऊबाई, पोरं सगळी इथं असायची. गच्चीवर झोपायला जागा पुरायची नाही. त्या गोष्टीला अकरा वर्षं होत आली. त्या दिवसापासून दादांनी या घराची पायरी चढलेली नाही."

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. काकूंच्या कुरडयांचा रविवार होता. गहू तीन दिवस भिजवलेले, पहाटे चीक शिजवलेला, काकूंच्या हद्दीभर प्लास्टिकचा मोठा कागद अंथरलेला. काकू आणि मी सोऱ्या फिरवत होतो, भाभी गोळे भरून देत होत्या. दहा वाजेपर्यंत अर्ध्याहून जास्त कागद भरला होता. काका एका कडेला गुडघ्यांवर बसून भाभींच्या हद्दीची नवी रेघ आखत होते. तिथं खूण हवी म्हणून त्यांनी कागदाच्या चार कोपऱ्यांवरच्या चार विटा उचलून नेल्या होत्या. आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

जिन्यात पावलं वाजली. काकांनी मागे न बघता सांगितलं, "चपला काढून, हद्दीच्या बाहेरून या."

"कुनाच्या हद्दीतून येऊ ते सांग, म्हंजे त्या बाजूनं येतो."

काकांचा खडू थांबला. काकूंनी सोऱ्या खाली ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि हळूच म्हणाल्या, "दादा."

दारात सत्तरीचा एक उंच म्हातारा उभा होता. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पायातल्या वहाणा हातात. काका उठून उभे राहिले, पण पुढे झाले नाहीत. दोघांच्या मध्ये सगळ्या कुरडया होत्या.

"बसा," काका म्हणाले. सख्ख्या भावाला त्यांनी अहो-जाहो केलं.

"बसाया नाय आलो. काम हाय."

तेवढ्यात खाडीकडून वारा आला. मे महिन्यात सकाळी तसा वारा कधी येत नाही, पण त्या दिवशी आला. कागदाचा एक कोपरा उचलला गेला, मग दुसरा. भाभी ओरडल्या, "काकू, विटा कुठायत?" काकू दोन्ही हातांनी मधला कागद दाबून बसल्या, पण कडा फडफडत वर यायला लागल्या. तीन दिवसांचं काम त्यांच्या डोळ्यांदेखत उडायला निघालं होतं. मी एक कोपरा पकडून त्यावर बसले, भाभी दुसऱ्यावर बसल्या. तिसरा कोपरा दारापाशी होता. दादांनी वहाणा टाकल्या आणि सदऱ्यासकट त्या कोपऱ्यावर सरळ आडवे झाले. ते बघून काकाही चौथ्या कोपऱ्यावर आडवे पडले.

"कुणी हलू नका," काकू म्हणाल्या. आवाज ऐकून वर आलेला माझा नवरा विटा आणायला पळाला. काकांनी उचललेल्या चार विटा गच्चीवरच होत्या, हे सांगायचं कुणाला सुचलं नाही आणि तो मागच्या गल्लीत बांधकामावर मागायला गेला. त्याला यायला वीस मिनिटं लागली. तोवर दोघं भाऊ कुरडयांच्या दोन टोकांना उताणे पडून वर आभाळाकडे बघत राहिले.

कागद तेवढा फडफडत होता.

"शेजारचा गेला," दादा म्हणाले. "होळीच्या आधी."

"कळलं नाही."

"त्याचा पोरगा घर बांधतोय. बांधालगत. पाया खनायच्या आधी मोजून दे, म्हनतो. मी म्हनलं, सरकारी मानूस बोलाव. तर म्हनतो, नाय. तुमच्या भावानं मोजलं तरच खनतो."

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"बापानं सांगून ठेवलंय त्याला. मरताना. म्हनला, ज्यानं सख्ख्या भावाच्या विरुद्ध मोजलं, त्याच्याशिवाय कुनाची रेघ मानू नको." दादांनी कागदाची फडफडती कड हातानं दाबली. "मला एसटीत बसवून दिलं त्यानं. पेनपासून इथंवर नुसता चरफडत आलो."

"मी आता मोजत नाही दादा," काका म्हणाले. "ही गच्चीच काय ती. मी मोजलं की माणसं तुटतात."

"कोन तुटायचं राहिलंय? मीच होतो, मी तुटून बघितलं." दादांनी टोपी डोळ्यांवर ओढली. "अकरा वरसं बघितलं. नाय जमत."

भाभी आणि मी एकमेकींकडे न बघता बसलो होतो. भाभींनी ओढणी तोंडाशी धरली होती. काकू मधोमध ओणव्या, हात दोन्हीकडे पसरलेले, डोळे पुसायचीही सोय नव्हती. आणि मग काकांच्या तोंडून जी भाषा आली ती मी कधी ऐकली नव्हती. आमच्याशी ते दफ्तरातल्यासारखं बोलत. आता पलीकडून आवाज आला, "मंग कवा येव रं दादा?"

"ये की येत्या आयतवारी."

"आयतवारी हरकती असतात."

"त्या कसल्या?"

मला हसू आवरेना. भाभींचं पण सुटलं. कागद हलायला लागला तशा काकू रागानं म्हणाल्या, "हसा नंतर, आधी बसा नीट." मग त्यांनाही राहवेना.

नवरा विटा घेऊन आला तेव्हा दोघांना हात देऊन उठवावं लागलं. दादांच्या सदऱ्याला पाठीवर सहा कुरडया चिकटल्या होत्या. भाभींनी त्या एकेक करून अलगद सोडवल्या आणि कागदावर परत ठेवल्या. काकू म्हणाल्या, "त्या वेगळ्या ठेवा, जाऊबाईंना पाठवू." दादा त्या दिवशी जेवले आणि जेवून निघून गेले. संध्याकाळच्या गाडीनं जातील असं वाटलं होतं, पण शेजाऱ्याच्या पोराला निरोप द्यायची त्यांना घाई झाली होती.

पुढच्या रविवारी हरकती रद्द झाल्याची चिठ्ठी जिन्यात लागली. काकांनी आम्हालाही बरोबर घेतलं. काका, काकू, भाभी, आम्ही दोघं, असे पाच जण सकाळच्या एसटीनं गावी गेलो. घरून निघताना काका तीनदा परत आत गेले. एकदा टेप घ्यायला, एकदा चष्मा घ्यायला आणि एकदा काहीच न घेता.

बांधावर गाव जमलं होतं. शेजाऱ्याचा मुलगा पंचविशीचा, बापाचं दुःख अजून चेहऱ्यावर. तो काकांच्या पाया पडला. काका म्हणाले, "आधी मोजू दे, मग पड." टेपाचं एक टोक कुणी धरायचं, असा प्रश्न आला तेव्हा दादा पुढे झाले. मला भीती वाटत होती. काकांनी टेपाचं शून्य तीनदा तपासून पाहिलं. दादा एकेका झाडाशी टोक धरून उभे राहत, काका आकडा वाचत, मुलगा लिहून घेई. तास-दीड तास चाललं. काकांनी वहीत आकडेमोड केली, एकदा खोडली, परत केली. मग चष्मा काढून म्हणाले, "पूर्वीचंच आहे. झाडं याच्या हद्दीत."

सगळे दादांकडे बघायला लागले. दादांनी शेवटच्या झाडावर तळहात ठेवला, दोनदा थोपटलं आणि टेप गुंडाळायला घेतला. "दोनदा चुकनारा नाय तो," ते म्हणाले. मुलगा म्हणाला, झाडं तोडायची नाहीत, तो पाया चार फूट पलीकडे घेईल. आणि आता तरी पाया पडू का, असं त्यानं काकांना विचारलं.

जेवणं झाली. जाऊबाईंनी काकूंना अकरा वर्षांचं सगळं सांगायला घेतलं होतं, कुणाची लग्नं, कुणाची बाळंतपणं. ऊन मी म्हणत होतं. दादा काकांना म्हणाले, "चल, इहिरीवर जाऊन हातपाय धुऊ." सावली तिथेच होती, म्हणून आम्ही सगळेच गेलो. मोठी, बांधलेली विहीर, तळाशी हिरवं गार पाणी, एका कडेला उतरायला पायऱ्या.

दादांनी टोपी काढली, सदरा काढला आणि काठावरून बेधडक उडी टाकली. भाभींनी डोळे मिटून घेतले. पाणी वर काठापर्यंत उडालं. काकांनी घड्याळ काढलं, चष्मा काढला, शर्ट काढून नीट घडी केली आणि सगळं काकूंच्या हातात दिलं. काकूंना वाटलं, ते पायऱ्या उतरून पाय धुणार. त्या म्हणाल्या, "सांभाळून, शेवाळ असेल." आणि काका काठावरून गेले.

काकू जागच्या जागी थिजल्या. पाणी हललं, गोल गोल लाटा काठाला लागल्या, काका वर येईनात. माझा नवरा बूट काढायला लागला. तेवढ्यात अगदी पलीकडच्या कोपऱ्यात पांढरं डोकं वर आलं, त्यानं तोंडातून पाण्याची चूळ लांब उडवली आणि मोठमोठ्यानं हसायला लागलं. आवाज विहिरीत घुमून वर आला.

"दादा, तू अजून पाय वाकडे करून उडी मारतोस," काका खालून म्हणत होते.

"बापानं शिकवली तशीच मारतो."

"मलापन त्यानंच शिकवली. माझे का नाय वाकडे?"

"तू बाराचा. त्याचं कदी ऐकलंस?"

दोघं एकमेकांच्या तोंडावर पाणी मारायला लागले. सत्तरीचा एक, सहासष्ट वर्षांचा दुसरा, दोघांची हाडं वर दिसत होती. गावातली पोरंटोरं काठावर जमून टाळ्या पिटत होती. काकू मागच्या दगडावर टेकल्या. मांडीवर घडी केलेला शर्ट, त्यावर चष्मा आणि घड्याळ. त्या कितीतरी वेळ खाली बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "चौतीस वर्षं संसार केला गं यांच्याबरोबर. यांना पोहता येतं, हे मला आज कळलं."